कापूर, इथेनॉल आणि दादाचे पन्नास हजार : कार्बन नॅनोट्यूब बनते कशी?

(एपिसोडचं लेखी रूप. बोलताना झालेले 'म्हणजे', 'तर' आणि मागून येणारा ट्रॅक्टरचा आवाज कापलाय, बाकी जसंच्या तसं.)

आजचा एपिसोड मी पुण्याच्या रूमवरून नाही, राहुरीजवळ मामाच्या गावातून रेकॉर्ड करतोय. दिवाळीला आलो होतो आणि विषय इथेच सापडला. खरं तर विषय माझ्या अंगावर येऊन पडला.

झालं असं, की जेवण झाल्यावर मामेभाऊ म्हणाला, "अरे, तू इंजिनिअर ना? मग मला सांग, ही कार्बन नॅनोट्यूब का काय असते, ती घरी बनते का?" मी म्हटलं, "दादा, मी सॉफ्टवेअरवाला. पण तू का विचारतोयस?" तर त्याने मोबाईलवर एक पीडीएफ उघडून दाखवलं. उसाच्या बगॅसपासून 'नॅनो कार्बन' बनवायचं युनिट. मशिन ते देणार, माल तेच परत विकत घेणार, आपण फक्त शेड आणि भांडवल लावायचं. भांडवल साडेचार लाख. आणि दादाने टोकन म्हणून पन्नास हजार आधीच भरले होते. मामीला माहीत नव्हतं. आता हा एपिसोड आला की कळेल, म्हणून आधी दादालाच सांगायला लावलंय. (हसतो) सांगितलंय त्याने.

कंपनीचं नाव मी घेणार नाही, मेसेज करून विचारू नका. पण त्या पीडीएफमुळे मी चार दिवस नुसतं वाचत बसलो, आणि नॅनोट्यूब बनवण्याची गोष्ट इतकी भारी निघाली की ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. त्यात आपल्या महाराष्ट्राचं नाव आहे, देवघरातला कापूर आहे आणि आपल्या कारखान्यांचं इथेनॉलसुद्धा आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. पेन्सिलीत जे ग्रॅफाइट असतं, ते म्हणजे कार्बनच्या अणूंचे पातळ थर एकावर एक ठेवलेले. प्रत्येक थरात अणू षटकोनात बसलेले असतात, मधमाशीच्या पोळ्यासारखे. असा एकच थर घ्या आणि त्याची सुरळी करा. ती झाली एकभिंती नॅनोट्यूब, जाडी साधारण 1 नॅनोमीटर. आपला केस 80 हजार नॅनोमीटरच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. सुरळीत सुरळी, सुरळीत सुरळी अशा बसल्या की ती बहुभिंती ट्यूब, जाडी दहा-वीस नॅनोमीटर. पोलादापेक्षा कितीतरी मजबूत, वजनाला हलकी आणि वीज वाहून नेणारी. तुम्ही ज्या फोनवर हे ऐकताय, तशा फोनच्या आणि ईव्हीच्या काही बॅटऱ्यांमध्ये ही ट्यूब चिमूटभर मिसळतात, वीज आतल्या आत नीट फिरावी म्हणून. म्हणजे बाजार खरा आहे. दादाला फसवणाऱ्याने शब्द काही हवेतून आणला नव्हता.

पण 'सुरळी करा' असं मी सहज म्हणून गेलो. ती हाताने होत नाही. अणूंनी स्वतःहून तसं बसावं लागतं. सगळी कारागिरी एवढ्याचसाठी आहे.

1991 मध्ये जपानमधल्या एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांनी या नळ्या मायक्रोस्कोपखाली नीट पाहिल्या आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. तशा नळ्यांचे फोटो रशियन शास्त्रज्ञांनी 1952 सालीच छापले होते, पण रशियन भाषेत, आणि तो काळ शीतयुद्धाचा. कुणी फारसं वाचलं नाही. इजिमांनी जी पद्धत वापरली ती वेल्डिंगची चुलत बहीण समजा. ग्रॅफाइटच्या दोन कांड्या समोरासमोर, आजूबाजूला हेलियमसारखा निष्क्रिय वायू, आणि मध्ये शंभरेक अँपिअरचा आर्क. ग्रॅफाइटची वाफ होते आणि थंड होताना काजळी जमते. त्या काजळीत ट्यूब सापडतात. पुढे अमेरिकेत राइस विद्यापीठात रिचर्ड स्मॉली यांच्या गटाने आर्कऐवजी लेझर मारला, भट्टी 1200 अंशांवर ठेवून आणि ग्रॅफाइटमध्ये थोडं निकेल-कोबाल्ट मिसळून. माल चांगला निघतो, पण ग्रॅममध्ये. किलोचं नावच काढू नका.

आज जगात टनांनी जो माल बनतो तो वेगळ्या पद्धतीने. तिचं नाव केमिकल व्हेपर डिपॉझिशन, म्हणजे सीव्हीडी. इथे जरा थांबू, कारण सगळी मजा इथे आहे.

एक क्वार्ट्झची नळी, ती भट्टीत आडवी. आत हवा नाही, आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडलेला. नळीत लोखंड, कोबाल्ट किंवा निकेलचे अतिसूक्ष्म कण, काही नॅनोमीटरचे. आता कार्बन असलेला कुठलाही वायू आत सोडा आणि तापमान 600 ते 1000 अंशांदरम्यान ठेवा. वायूचा रेणू त्या लोखंडाच्या कणावर येऊन फुटतो. हायड्रोजन उडून जातो, कार्बन कणात मुरतो. आणखी येतो, आणखी मुरतो. एक वेळ अशी येते की कणात जागा उरत नाही, आणि मग कार्बन बाहेर पडायला लागतो, सुरळी होऊन.

आपल्याकडच्या पोरांना हे समजायला सोपं आहे. साखर कारखान्यात पॅनमध्ये रस आटवत आटवत नेतात, पाक इतका दाट होतो की त्याला साखर झेपत नाही. मग त्यात बारीक साखरेचं बी सोडतात आणि त्या बियांवर स्फटिक वाढतो. दाणा कसा पडणार हे बी आणि पॅनवाल्याचा हात ठरवतो. इथेही तसंच. लोखंडाचा कण केवढा, त्यावर ट्यूबची जाडी ठरते. कण बारीक तर एकभिंती, कण मोठा तर बहुभिंती. कण एकमेकांना चिकटून ढेकूळ झाले तर ट्यूब नाही, नुसती काजळी.

अजून एक गंमत. ट्यूब वाढताना कण कुठे राहतो? दोन प्रकार आहेत. चवळी उगवताना पाहिली असेल, कोंब बी डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतो. हरभऱ्याचं बी मात्र मातीतच राहतं, वर फक्त कोंब येतो. नॅनोट्यूबचंही हेच. कण खालच्या पृष्ठभागाला सैल चिकटलेला असेल तर ट्यूब त्याला उचलून वर नेते, घट्ट चिकटलेला असेल तर तो मुळाशी राहतो आणि ट्यूब केसासारखी वर येते. शास्त्रज्ञ याला टिप ग्रोथ आणि बेस ग्रोथ म्हणतात. मी चवळी आणि हरभरा म्हणणार.

आता महाराष्ट्र. आयआयटी मुंबईत प्रोफेसर महेश्वर शॅरॉन यांच्या गटाने एक साधा प्रश्न विचारला. सगळे जण मिथेन, ॲसिटिलीन, बेंझिन अशा पेट्रोलियमच्या वस्तूंमधून कार्बन घेतायत, तर झाडातून आलेली वस्तू का नको? आणि त्यांनी घेतला कापूर. हो, आरतीचा कापूर! 1994 मध्ये त्यांनी कापराच्या काजळीतून फुलरिन, म्हणजे कार्बनचे फुटबॉलसारखे रेणू, मिळाल्याचा पेपर 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापला. हे फिजिक्समधलं फार वरचं जर्नल. 1999 च्या एका पेपरमध्ये याच गटाने जपानच्या संशोधकांबरोबर साध्या रॉकेलपासून नॅनोट्यूब बनवल्या. त्या पेपरवर मुकुल कुमार यांचं नाव आहे. पुढे ते नागोयाच्या मेइजो विद्यापीठात योशिनोरी आंदो यांच्याबरोबर काम करत होते, आणि त्या दोघांनी कापराच्या नॅनोट्यूबवर पेपरमागून पेपर लिहिले. शॅरॉन आयआयटीनंतरही थांबले नाहीत. माधुरी शॅरॉन यांच्याबरोबर त्यांनी आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, सोलापूरच्या वालचंद कॉलेजात, नॅनोटेक्नॉलॉजीच्या संशोधन केंद्रात काम केलं. राहुरीहून निघालं तर चार-पाच तासांत पोचाल. मला हे माहीतच नव्हतं, कॉलेजात कुणी सांगितलं नाही.

कापूरच का? एक तर तो डायरेक्ट वाफ होतो, डबीत ठेवला तरी कमी होत जातो हे आजीला विचारा. त्यामुळे भट्टीत घालायला सोपा. दुसरं, रेणूत कार्बन भरपूर. सूत्र आहे सी-10 एच-16 ओ, म्हणजे 152 ग्रॅममध्ये 120 ग्रॅम कार्बन, जवळजवळ 79 टक्के. आणि तिसरं सगळ्यात भारी, तो एकटा ऑक्सिजनचा अणू. नॅनोट्यूब बनताना बाजूने वेडावाकडा कार्बनही जमत असतो, नुसता कचरा. तो ऑक्सिजन हा कचरा जागच्या जागी जाळत जातो, म्हणून माल स्वच्छ निघतो, असं कुमार आणि आंदो यांचं म्हणणं. पद्धत अशी, कापरात थोडं फेरोसिन मिसळायचं. फेरोसिन ही केशरी पावडर, तिच्या प्रत्येक रेणूत लोखंडाचा एक अणू. दोघांची एकत्र वाफ करून गरम नळीत न्यायची. तिथे फेरोसिन फुटून लोखंडाचे कण बनतात आणि कापूर फुटून कार्बन मिळतो. म्हणजे बी आणि खत एकाच पिशवीत.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर उद्या कुणीतरी रील बनवेल की ऋषीमुनींना नॅनोट्यूब माहीत होत्या. आरतीच्या ताटात कापूर जळतो तेव्हा जी काजळी धरते ती मुख्यत्वे साधी काजळीच. तिथे लोखंडाचे नॅनोकण नाहीत, बंद नळी नाही, तापमानावर ताबा नाही. आणि आजचा बहुतेक कापूर झाडातून येतही नाही, टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवतात. हां, नकळत बनलेल्या नॅनोट्यूब जुन्या वस्तूंत सापडल्यात हे खरं. 2006 मध्ये जर्मनीच्या ड्रेस्डेनमधल्या संशोधकांनी 17 व्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीत त्या दाखवल्या, आणि अशा तलवारींचं वूट्झ पोलाद भारतातून जायचं. पण तो लोहार काय बनवत होता? तलवार. त्याला ट्यूबचा पत्ता नव्हता.

आता इथेनॉलकडे येतो, हे माझं आवडतं. आपला जिल्हा म्हणजे कारखान्यांचा जिल्हा. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 मध्ये सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या पुढाकाराने, हे शाळेतच पाठ केलंय. आज कारखान्याच्या शेजारी डिस्टिलरी असणं ही नेहमीची गोष्ट. कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला गोदावरी बायोरिफायनरीज तर इथेनॉलपासून इथाइल ॲसिटेटसारखी रसायनं बनवते. आणि हेच इथेनॉल नॅनोट्यूबसाठी उत्तम कच्चा माल आहे! 2002 मध्ये टोकियो विद्यापीठात शिगेओ मारुयामा यांच्या गटाने दाखवलं की अल्कोहोलपासून एकभिंती ट्यूब बनतात, त्याही फार स्वच्छ. कारण? पुन्हा तोच ऑक्सिजन. दोन वर्षांनी जपानमध्येच केंजी हाता यांच्या गटाने भट्टीत अगदी किंचित पाण्याची वाफ सोडली, आणि ट्यूबचं जंगल 10 मिनिटांत अडीच मिलिमीटर उंच वाढलं. अडीच मिलिमीटर ऐकायला कमी वाटतं, पण 1 नॅनोमीटरच्या हिशोबात हा प्रचंड मोठा टॉवर आहे.

आणि 2004 मध्येच केंब्रिजला ॲलन विंडल यांच्या गटाने जे केलं ते ऐका. इथेनॉलमध्ये थोडं फेरोसिन, थोडं थायोफिन, हे हायड्रोजनच्या झोतात हजार अंशांच्या वर तापलेल्या उभ्या भट्टीत सोडलं. आत ट्यूबचा धूर तयार होतो, पण हा धूर एकमेकांत गुंतलेला असतो. त्यात एक दांडी घालून धुराचं टोक पकडायचं आणि चातीवर सूत गुंडाळतात तसं गुंडाळत राहायचं. भट्टीच्या तोंडातून डायरेक्ट धागा! म्हातारीच्या केसांची गाडी आठवली ना? मला तीच आठवली.

मग प्रश्न, बगॅसपासून बनतं का? दादाने हाच विचारला. उत्तर आहे, प्रयोगशाळेत हो. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात, ब्राझीलच्या संशोधकांना सोबत घेऊन, बगॅस हवेशिवाय तापवला, त्याचा धूर स्टेनलेस स्टीलच्या जाळीवरून नेला आणि त्या जाळीवर ट्यूब वाढल्या. पण लक्षात घ्या, ट्यूब धुरापासून झाल्या, कोळशापासून नाही. दादाच्या पीडीएफमध्ये काय होतं? एक बंद ड्रम, खाली जाळ, आणि शेवटी ड्रममधला काळा माल दळून पिशवीत. अहो, याला आपण कोळसा म्हणतो! बायोचार म्हणा, शेतात टाका, वाईट वस्तू नाही. पण नॅनोट्यूब नाही.

आणि हिशोब बघा, हा मी दादाला पाटीवर करून दाखवला. पीडीएफ म्हणतं 1 टन बगॅसमधून 400 किलो नॅनो कार्बन. कारखान्यातून निघालेल्या बगॅसमध्ये साधारण निम्मं पाणी असतं. उरला 500 किलो. कोरड्या बगॅसमध्ये कार्बन 45 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 225 किलो. एकही अणू वाया गेला नाही, धूर झाला नाही, कोळसा झाला नाही, तरी 225! 400 कुठून आणणार? दादा बराच वेळ पाटीकडे बघत बसला. मग म्हणाला, "पण त्यांनी सर्टिफिकेट दिलंय रे."

सर्टिफिकेटवर लिहिलं होतं, कार्बन 92 टक्के. बास. चांगल्या कोळशातही कार्बन तेवढा निघू शकतो. ट्यूब आहे की नाही हे कार्बनच्या टक्क्यांवरून कळत नाही, रचनेवरून कळतं. त्यासाठी रामन स्पेक्ट्रम काढतात, होय, आपले सी. व्ही. रामन तेच. नमुन्यावर लेझर टाकला की 1580 च्या आसपास एक शिखर येतं, ते नीट बसलेल्या षटकोनी कार्बनचं. 1350 च्या आसपास दुसरं, ते मोडतोडीचं. पहिलं उंच आणि अणकुचीदार, दुसरं बुटकं, तर रचना चांगली. एकभिंती ट्यूब असतील तर 100 ते 300 च्या मध्ये आणखी बारीक शिखरं दिसतात. शिवाय इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो लागतो. पीडीएफमध्ये फोटो होता. मी तो रिव्हर्स इमेज सर्चमध्ये टाकला. परदेशातल्या एका संशोधन लेखातला निघाला, खालची स्केलची रेघ कापलेली. एवढं तर सॉफ्टवेअरवाल्यालाही जमतं.

बरं, खरा माल बनला तरी काम संपत नाही. त्यात लोखंडाचे कण अडकलेले असतात, ते ॲसिडने धुवायचे, फालतू कार्बन हलक्या आचेवर जाळायचा. मग चिप बनवायची असेल तर आणखी डोकेदुखी. सुरळी कुठल्या तिरकस कोनात वळली त्यावर ती धातूसारखी वागणार की सेमीकंडक्टरसारखी हे ठरतं, आणि साधारण एक तृतीयांश धातूसारख्या निघतात. त्या वेगळ्या काढणं म्हणजे ज्वारीतून खडे निवडणं, फक्त खडाही ज्वारीसारखाच दिसतो. तरी 2019 मध्ये एमआयटीने 14 हजारांहून जास्त नॅनोट्यूब ट्रान्झिस्टरचा प्रोसेसर बनवला आणि त्यावर 'हॅलो वर्ल्ड' चालवलं. माझ्यासारख्याला एवढं ऐकून भरून येतं. भारतात बेंगळुरूची नोपो नॅनोटेक्नॉलॉजीज एकभिंती ट्यूब बनवते, राइस विद्यापीठात निघालेल्या हिपको पद्धतीने. त्यात कार्बन मोनॉक्साइड वायू 30 ते 50 पट दाबाखाली, हजारेक अंशांवर वापरतात. हा तोच वायू, जो बंद खोलीत शेगडी ठेवली की माणूस मारतो. शेडमध्ये करायचं काम आहे का हे?

आणि शेडवरूनच मला खरी भीती वाटली. दादा युनिट गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकणार होता, जिथे त्याची पोरं खेळतात. 2008 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की लांब, ताठ बहुभिंती ट्यूब शरीरात ॲस्बेस्टॉससारखी सूज आणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने अशा ट्यूबच्या एका प्रकाराला 'कॅन्सरकारक असू शकते' या गटात टाकलंय. अमेरिकेच्या नायॉश संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा आहे आठ तासांच्या पाळीत सरासरी 1 घनमीटर हवेत 1 मायक्रोग्रॅम. ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पीडीएफमध्ये सुरक्षेसाठी काय लिहिलं होतं? 'तोंडाला रुमाल बांधावा.'

म्हणजे गंमत बघा, त्यांचा माल खोटा निघाला हेच पोरांच्या फुफ्फुसांसाठी बरं. अर्थात कोळशाची धूळही काही औषध नाही.

तुम्ही विचाराल, मग आपल्या जिल्ह्यात हे होणारच नाही का? माझं मत सांगतो, चुकीचं असेल तर कमेंटमध्ये झापा. बगॅसचं मला अवघड वाटतं, कारण त्याचा धूर दर पोत्याला वेगळा आणि ट्यूबला एकसारखा वायू लागतो. इथेनॉल मात्र एकसारखं असतं, आपल्याकडे बनतं, आणि त्यावरचं संशोधन वीस वर्षं जुनं आहे. पण त्याला डिस्टिलरीच्या तोलामोलाची संस्था, केमिकल इंजिनिअर आणि लॅब लागते. साडेचार लाखांचा ड्रम नाही.

आता दादाचं काय झालं ते. त्यांनी सँपल म्हणून पाव किलोची पिशवी दिली होती. पुण्यात पीएचडी करणाऱ्या एका मैत्रिणीकडे मी त्यातली चिमूटभर नेली, डबल पिशवीत. तिने रामन काढून दिला. दोन रुंद, बसकी टेकाडं, एकमेकांत मिसळलेली. ती म्हणाली, "हा कोळसा आहे. कशाचा आहे ते विचारू नकोस." दादाने तो ग्राफ त्या लोकांना व्हॉट्सॲपवर पाठवला आणि पैसे परत मागितले. दोन निळ्या टिका आल्या. तीन दिवसांनी उत्तर आलं, "सर, बॅच बदलून देतो." त्यानंतर फोन बंद आहे.

पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन आम्ही सोमवारी पोलीस स्टेशनला जातोय. उरलेली पिशवी माळ्यावर आहे, मामीने तिच्यावर खडूने 'हात लावू नये' लिहिलंय.